पांढऱ्या झग्याचं रफू

रोममधल्या यहुद्यांच्या जुन्या वस्तीला तिथले लोक नुसतं ‘पियात्सा’ म्हणतात, म्हणजे चौक. चौकात एकाच नावाची पाच पाच माणसं, कारण आजोबांचं नाव नातवाला ठेवायचंच. मग माणूस ओळखायचा तो टोपणनावाने. फोर्तुनाता एफ्रातीला सगळे मुंगी म्हणत. अंगाने बारीक, कामाला बसली की उठायचं नाव नाही, आणि चावली तर दिवसभर आठवण राहील अशी.

मुंगीचं काम रफूचं. आई रफू करायची, आजी करायची, त्यांच्या मागच्याही करायच्या. पोपच्या राज्यात यहुद्यांना नवं कापड विकायला बंदी होती, जुन्यापान्यावर पोट भरा असा हुकूम. तेव्हा इथल्या बायकांनी जुनं असं नवं करून दाखवलं, की हुकूम काढणाऱ्यांच्या बहिणी-भाच्या स्वतःच टाकून दिलेले झगे पुन्हा विकत घेऊन गेल्या. ही गोष्ट मुंगीची आई सांगायची, त्यामुळे ती थोडी फुगलेली असणार. पण मुंगीचं काम ज्याने पाहिलंय तो तिला खोटी म्हणायला धजणार नाही.

पाहिलंय म्हणणंही चूकच. तिचं काम कुणी पाहिलेलंच नव्हतं, आणि सगळं कसब त्यातच होतं. लग्नाच्या सकाळी खिळ्याला अडकून फाटलेला नवरदेवाचा कोट, कसरीने खाल्लेली वकिलाची विजार, एका पाद्रीबाबांच्या काळ्या झग्याला त्यांच्याच मांजरीने मारलेला ओरखडा, सगळं तिच्या खिडकीखालच्या खुर्चीशी यायचं आणि भोक कुठे होतं हे मालकालाही सापडू नये असं होऊन परत जायचं. त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागे काढायचे, आणि एकेक उभा, एकेक आडवा, मूळ विणकराने घातला असेल तसा घालायचा. चण्याएवढ्या भोकाला दोन दिवस लागायचे. शिंपी तिच्याकडून काम करून घ्यायचे आणि गिऱ्हाइकाला आपलंच म्हणून सांगायचे. मुंगी म्हणायची, सांगू देत, त्यांना सुई धरता येत नाही, निदान तोंड तरी चालवता येऊ दे.

आईने तिला एकच नियम घालून दिला होता. “सुईने जे पाहिलं ते जिभेने बोलायचं नाही.” कापडाला भोक उगाच पडत नाही. त्यामागे कुणाची दारू असते, कुणाचं भांडण असतं, कुणाचं जाऊ नये त्या घरी जाणं असतं. अख्ख्या चौकाची लफडी मुंगीच्या पोटात होती आणि एकही कधी ओठावर आलं नाही. अशी बाई गावात एक असली तरी गावाने स्वतःला भाग्यवान समजावं.

म्हातारपणी ती दारात खुर्ची टाकून बसायची. पाहुण्यांचे घोळके यायचे, युद्धात जर्मनांनी इथून धरून नेऊन मारलेल्यांची, दारापुढच्या फरशीत बसवलेली पितळी नावं वाचायचे, डोळे पुसायचे आणि तिला विचारायचे, “तुम्ही तेव्हा इथेच होता का?”

“होते ना. पाळण्यात होते,” मुंगी म्हणायची. घोळका पुढे सरकला की समोरच्या बाकाकडे बघून म्हणायची, “मेलेल्यांचं सगळे विचारतात. अरे, जिवंत माणसं इथे काय करतात तेही विचारा की कुणीतरी!”

त्या बाकावर रोज सेत्तीमिओ बसायचा. टोपणनाव गाजर, कारण तरुणपणी केस लालभडक होते. आता डोक्यावर जे उरलं होतं ते पांढरं होतं, पण गाजर ते गाजरच. चाळीस वर्षं तो सिनेगॉगचा, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनाघराचा, शमाश होता. दिवाबत्ती, झाडलोट आणि मुख्य म्हणजे पोथ्यांच्या वस्त्रांची देखभाल, हे सगळं शमाशचं काम. धर्मग्रंथाची हाताने लिहिलेली गुंडाळी उघडी ठेवत नाहीत, तिला माणसासारखा झगा घालतात, आणि पियात्साच्या पोथ्यांचे झगे म्हणजे दोन-तीनशे वर्षांपूर्वीचे रेशमी आणि जरीचे. सेत्तीमिओ निवृत्त झाला तेव्हा त्याला चांदीचा पेला मिळाला. त्यावर कोरलं होतं, ‘चाळीस वर्षांत एका धाग्यालाही धक्का लागू दिला नाही.’ तो पेला त्याने कपाटात मागे सारून ठेवला होता आणि त्यातून कधी थेंबभर वाइन प्यायला नाही. लोक त्याला विनय समजत.

खरं काय ते मुंगीला ठाऊक होतं. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी, दुपारी सगळ्या खिडक्या बंद असताना, सेत्तीमिओ शर्टात काहीतरी गुंडाळून तिच्या दारात आला होता. नोकरीला सहा महिने झालेले, बायकोला आठवा महिना. शर्टात किप्पूरचा पांढरा झगा होता, हस्तिदंती रेशमाचा, चंदेरी डाळिंबं विणलेला. किप्पूरच्या उपासाच्या दिवशी सगळी वस्त्रं पांढरी लागतात, म्हणून त्याने तो हवेला टाकला होता. टाकता टाकता तोंडात सिगारेट.

“सिगारेट?” मुंगी म्हणाली. “पोथीच्या झग्यावर? अरे गाजर, तुझ्यापेक्षा त्या पाद्रीबाबांची मांजर बरी!”

“मुंगे, मार मला. पण आधी हे बघ,” तो म्हणाला आणि तिथेच रडायला लागला.

जळून चण्याएवढं भोक पडलं होतं. काळ्या कापडात थोडी लबाडी खपते, पांढऱ्यात खपत नाही. शिवाय सिनेगॉगच्या वस्त्रांना फक्त तिथल्या महिला मंडळाच्या बायकांनी हात लावायचा असा रिवाज, आणि मुंगी काही मंडळात नव्हती. किप्पूरला सात दिवस होते. शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या सुट्टीचा, एक गेला, उरले सहा. सहा दिवस उजेड असेपर्यंत ती खिडकीशी बसली. पैसे घेतले नाहीत. किप्पूरच्या दिवशी झगा पोथीच्या अंगावर होता.

त्यानंतर दर किप्पूरला मुंगी वर बायकांच्या सज्जातून खाली बघायची. पोथी मिरवत आणली जायची आणि शेजारून चालणारा सेत्तीमिओ, निवृत्त झाल्यावरही, आधार दिल्यासारखं करून झग्यावर तळवा ठेवायचा, जळालेली जागा झाकायला. वरून ते बघताना तिला हसू आवरायचं नाही. शेजारणी म्हणायच्या, “मुंगे, आजच्या दिवशी हसतात का?” ती पदरासारखी ओढणी तोंडावर धरायची आणि कारण सांगायची नाही.

असं सगळं सुरळीत चाललं असतं, पण एक दिवस एकीने तिला विचारलंच की जिवंत माणसं इथे काय करतात. ती होती आरिएला, खाटकाच्या घरची नात, आता सिनेगॉगच्या संग्रहालयात अधिकारी. कॅनडाहून मोठी पाहुणेमंडळी येणार होती आणि तिला इथल्या रफूवाल्यांचं प्रदर्शन भरवायचं होतं.

“मावशी, दोनशे वर्षं बायका इथे मान मोडून बसल्या आणि एकीचंही नाव कुठे नाही,” आरिएला म्हणाली. “मला तुझं नाव लावायचंय. मोठ्या अक्षरात. फक्त तुझ्या हातचं एक काम दाखव.”

मुंगीने तोंड वाकडं केलं, पण त्या रात्री तिला झोप लागली नाही. आपलं नाव कुठेतरी लागावं असं कुणाला वाटत नाही? एक्क्याऐंशी वर्षांची झाली होती, डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता, सुई ओवणं संपलं होतं. मूलबाळ नाही. तिने दुरुस्त केलेले कोट ज्यांचे होते त्यांच्याबरोबर गेले, काही तर त्यांच्या अंगावरच. जगात तिच्या कामाची एकच खूण शिल्लक होती.

दुसऱ्या दिवशी संग्रहालयाच्या टेबलावर आरिएलाने सहा वस्त्रं मांडली. चौथा तो पांढरा झगा होता. “यातल्या कशावर तुझा हात फिरलाय?”

मुंगी त्या झग्यापाशी किंचित थांबली. बोट पुढे केलं असतं की झालं. मग सेत्तीमिओचा पेला, त्यावरची ती अक्षरं, आणि आता आजोबाच्या जागी शमाश झालेला त्याचा नातू, सगळं तिच्या डोळ्यांपुढे आलं. तिने हात मागे घेतला.

“कशावरच नाही.”

“अगं, पण आजी सांगायची की तुझ्यासारखं…”

“तुझी आजी मटण विकायची. तिला कापडातलं काय कळतंय?” असं म्हणून मुंगी काठी टेकत घरी आली आणि दार लावून घेऊन मनसोक्त रडली.

चौकात बातमी पसरायला वेळ लागत नाही. आर्टिचोकची बोंडं तळणाऱ्या खानावळीची एल्विरा, जिचं आणि मुंगीचं कधीच पटलं नाही, ती बाकाशी उभं राहून मोठ्याने म्हणाली, “झाकली मूठ सव्वा लाखाची! आयुष्यभर मिरवली आणि दाखव म्हटल्यावर एक टाका निघेना.”

सेत्तीमिओने ते ऐकलं. नेहमी एल्विराला दोन उलट उत्तरं देणारा माणूस उठून चालता झाला आणि दोन दिवस बाकावर फिरकला नाही.

रविवारी पाहुणे आले. चौकातलेही सगळे आले, कारण फुकटची वाइन होती. मुंगीला आरिएलाने आग्रहाने पुढच्या खुर्चीत बसवलं. समोरच तो पांढरा झगा उभा करून ठेवला होता आणि खाली चिठ्ठी होती, ‘अठराव्या शतकातील. एकदाही दुरुस्त न झालेले दुर्मिळ वस्त्र.’ मुंगीने डोळे बारीक करून ती दोनदा वाचली. याहून मोठी शाबासकी तिला कुणी दिली नसती, आणि नेमकी तीच तिला घेता येत नव्हती.

आरिएला पाहुण्यांना माहिती सांगत होती तेवढ्यात मागून आवाज आला.

“ही चिठ्ठी खोटी आहे.”

सेत्तीमिओ शब्बाथचा कोट घालून उभा होता. हातात तो चांदीचा पेला. “झगा जळला होता. मी जाळला, सिगारेटने. आणि मुंगीने सहा दिवसांत तो असा केला की तुम्ही तीनशे वर्षं कुणी हात लावला नाही म्हणून लिहिताय. तिने कुणाला सांगितलं नाही. परवा तुम्ही विचारलंत तेव्हाही नाही. माझ्यासाठी. हा पेला घ्या परत, यावर खोटं कोरलंय.”

त्याचा नातू खाली मान घालून उभा होता. एल्विराच्या हातातला आर्टिचोक तसाच राहिला.

“कुठे जळला होता, सेत्तीमिओकाका?” आरिएलाने हळूच विचारलं.

“हे काय विचारणं झालं? ती जागा मी झोपेतही दाखवीन,” असं म्हणून त्याने उजवीकडच्या दुसऱ्या डाळिंबाखाली बोट टेकवलं. “इथे.”

आरिएलाने भिंग आणलं, दिवा आणला. झगा उलटा करून आतून पाहिला. पाहुण्यांपैकी कापडातली जाणकार एक बाई होती, तिनेही पाहिला. दोघींनी एकमेकींकडे बघून मान हलवली. “काका, इथले धागे मूळचे आहेत. इथे काही झालेलंच नाही.”

“असं कसं? मी अठ्ठेचाळीस किप्पूर त्या जागेवर हात ठेवून चाललोय!” सेत्तीमिओचा आवाज चिरकला. आपला गुन्हाही लोक खरा मानत नाहीत म्हटल्यावर माणसाने करावं तरी काय?

पुढच्या खुर्चीतली मुंगी काठीवर भार देऊन उठली. आरिएलाने हातमोजे पुढे केले. “ठेव ते तुझ्याकडे,” मुंगी म्हणाली. “हातमोजे घालून रफू सापडत नाही.” तिने डोळे मिटले, कारण तसंही त्यांचा उपयोग नव्हता. बोटांची टोकं रेशमावरून सावकाश फिरवली आणि एका जागी थांबवली. मग सेत्तीमिओचा हात धरला आणि त्याचं बोट उचलून चांगलं वीतभर डावीकडे नेऊन ठेवलं.

“इथे, गाजर.”

“इथे?” तो बघतच राहिला. “मग अठ्ठेचाळीस वर्षं मी काय झाकत होतो?”

“चांगलं कापड!” मुंगी म्हणाली आणि इतक्या वर्षांचं दाबलेलं हसू एकदम बाहेर आलं. “खरी जागा सगळ्या पियात्सासमोर उघडी, आणि तू भक्तिभावाने भलतीकडे हात धरून चाललेला! वर सज्जात माझा उपास मोडायची वेळ यायची रे.”

सेत्तीमिओ हसत होता की रडत होता ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्याचा नातू पुढे आला आणि त्याने आजोबाच्या हातातला पेला हळूच काढून घेतला. आरिएलाने जुनी चिठ्ठी उचलली, उलटी केली आणि पेन काढलं. “काय लिहू, मावशी?”

“लिही, रफू फोर्तुनाता एफ्रातीचं,” सेत्तीमिओच म्हणाला. “आणि भोक सेत्तीमिओचं. खाली, बारीक अक्षरात.”

मागचे लोक पुढे रेटत होते. एल्विरा तर आर्टिचोकसकट सगळ्यांच्या पुढे घुसली होती.

“आता बोट काढ, गाजर,” मुंगी म्हणाली. “बघू दे लोकांना.”

त्याने बोट काढलं. सगळे वाकून वाकून बघू लागले. दिसण्यासारखं तिथे काहीच नव्हतं.