इंजिन नसलेली घरं

ट्रॉय शहरातल्या आमच्या अकाउंटिंग फर्ममध्ये आम्ही आठ जण आहोत. अमेरिकेत आल्यावर पहिली सहा वर्षं घरी बसून काढलेली त्यांतली मी एकटीच. नवरा गाड्यांच्या कंपनीत, माझा व्हिसा त्याच्या व्हिसावर अवलंबून, मला काम करायची परवानगी नाही. परवानगी आली त्याच आठवड्यात मी इथल्या अकाउंटंटच्या परीक्षेचा फॉर्म भरला आणि चारही पेपर पहिल्या फटक्यात काढले. हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं त्यात मी डगमगले नाही याचं काही जणांना नवल वाटतं. ज्या कामाची सहा वर्षं वाट बघितली, ते नीट करायला कसली भीती?

आमच्याकडचे एक जुने अकाउंटंट रिटायर झाले आणि त्यांच्या फाइली आमच्यात वाटल्या गेल्या. माझ्या वाट्याला तासाभराच्या अंतरावरचा एक आरव्ही डीलर आला. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. आत पलंग, शेगडी, बाथरूम सगळं असतं. उन्हाळा आला की इथली माणसं ते घेऊन तळ्याकाठी जाऊन राहतात. टॅक्स रिटर्नला हात लावण्याआधी धंदा डोळ्यांनी बघायचा ही माझी सवय, म्हणून एका सकाळी मी तिकडे गेले.

मालक साठी ओलांडलेले, उंच, मोठ्या आवाजाचे. त्यांची बायको मागच्या काउंटरवर स्पेअर पार्ट विकायची. मालकांनी मला हौसेनं अख्खं आवार फिरवलं. एका पांढऱ्या आरव्हीत चढून मी ओट्यावरून हात फिरवला, छोटा फ्रिज उघडून बघितला आणि सहज विचारलं,

"पण याचं इंजिन कुठे आहे?"

मालक खो खो हसले. "इंजिन? अहो, हे ट्रकच्या मागे जोडून ओढत न्यायचं! इंजिनवाले ते तिकडे, त्या कडेला. माझा बहुतेक धंदा या ओढायच्या ट्रेलरवरच चालतो."

मीही हसले. हायवेला लागले आणि माझं हसू थांबलं.

डीलर हा सगळा माल स्वतःच्या पैशानं आणत नाही. कारखान्याला पैसे कर्ज देणारी कंपनी देते आणि आरव्ही विकली जाईपर्यंत डीलर त्या एकेका आरव्हीवर व्याज भरत राहतो. याला फ्लोअर प्लॅन म्हणतात. हे व्याज धंद्याचा खर्च म्हणून उत्पन्नातून वजा होतं. काही वर्षांपूर्वी नवा कायदा आला आणि मोठी उलाढाल असलेल्या धंद्यांना, म्हणजे या डीलरलाही, व्याज किती वजा करता येईल यावर मर्यादा घातली गेली. त्यातून गाड्या विकणाऱ्यांच्या फ्लोअर प्लॅनला सूट मिळाली. पण कायद्यात गाडीची व्याख्या होती: स्वतःच्या शक्तीवर रस्त्यावर चालणारी. बोटींना सूट होती, शेतीच्या यंत्रांना होती. ओढत न्यायच्या ट्रेलरचं नावच नव्हतं.

आणि आमच्या जुन्या अकाउंटंटनी गेली दोन वर्षं सगळंच व्याज पूर्ण वजा केलं होतं. आरव्ही म्हणजे गाडीच, असं धरून. आवारात जाऊन तो बावळट प्रश्न विचारला नसता तर मीही तेच धरलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी बॉसच्या खोलीत गेले. त्यांनी कलम दोनदा वाचलं.

"खात्री आहे तुला? तीस वर्षांचा क्लायंट आहे."

"खात्री आहे."

"मग तूच जाऊन सांग," ते म्हणाले. टाळत नव्हते ते. मान खरंच मला देत होते, हे मला नंतर कळलं.

मालकांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग टेबलावर हात आपटला.

"म्हणजे बोटीला सूट, ट्रॅक्टरला सूट, आणि माझ्या ट्रेलरला नाही? का? त्याला इंजिन नाही म्हणून? हे कुठलं डोकं?"

"तुमचं म्हणणं मला पटतं," मी म्हणाले. "लिहिणाऱ्यांचं बहुधा लक्ष गेलं नसेल. पण जे लिहिलंय ते असं आहे. मर्यादेबाहेरचं व्याज बुडत नाही, पुढच्या वर्षांत सरकत जातं. मागची दोन रिटर्न आपणच दुरुस्त करून पाठवू. त्यांनी पकडण्याआधी आपण गेलो तर दंडाची वेळ येणार नाही."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर यंदाच्या रिटर्नवर माझी सही मिळणार नाही."

ते उठून उभे राहिले. दुसऱ्या कुणाला तरी विचारतो म्हणाले. मी कागद गोळा केले आणि निघाले.  गाडीत बसले तेव्हा मन शांत होतं. घरी नवरा म्हणाला, "अगं, एवढा जुना क्लायंट गेला तर?" मी म्हणाले, "गेला तर गेला. सही माझी आहे."

तीन आठवडे काही निरोप नाही. बॉस दर सोमवारी माझ्या टेबलाजवळ जरा रेंगाळायचे. मग एक दिवस दुपारी मालकांचा फोन आला.

"दुसऱ्या अकाउंटंटला दाखवलं. तो म्हणाला, तुमची बाई बरोबर आहे, पण एवढं कुणी बघत नाही, चालू द्या." मग स्वतःच म्हणाले, "हेच मी माझ्या गिऱ्हाइकाला म्हटलं की ब्रेक जरा सैल आहेत, पण चालू द्या, तर? तुम्ही या."

खरं काम आता होतं. कर्जाच्या कंपनीच्या पत्रकात सगळ्या आरव्ही एकाच यादीत, फक्त लांबलचक नंबरांनी. इंजिनवाल्या कोणत्या आणि ओढायच्या कोणत्या, हे त्यावरून कळेना. मी डोकं धरून बसले होते, तेवढ्यात मालकांच्या बायकोनं काउंटरखालून जाड वह्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. आलेली प्रत्येक आरव्ही तिनं स्वतःच्या हातानं लिहून ठेवली होती, इंजिनवाल्या लाल शाईनं, बाकीच्या निळ्या.

"हे कशासाठी?" मी विचारलं.

"पार्ट मागवताना घोळ होऊ नये म्हणून. तीस वर्षं हा मला हसतोय या वह्यांवरून," ती नवऱ्याकडे बोट दाखवत म्हणाली.

आम्ही दोघी तीन दिवस त्या काउंटरमागे बसलो. ती नंबर वाचायची, मी खूण करायची. मधूनच कुणी नळाचा वॉशर मागायला आलं की ती उठून देऊन यायची आणि त्याच ओळीपासून पुढे वाचायची. दुसऱ्या दिवशी माझ्या डब्यातली थालीपीठं आम्ही वाटून खाल्ली. तिसऱ्या दिवशी मालकांनी येऊन विचारलं, "माझ्यासाठी नाही उरलं?" तेव्हा मला कळलं, राग गेला.

दोन्ही रिटर्न दुरुस्त होऊन गेली. वाढीव टॅक्स भरावा लागला, त्यावरचं व्याजही. टॅक्स खात्याकडून दंडाची नोटीस काही आली नाही. मालकांनी त्यांच्या खासदाराला पत्र लिहायचं ठरवलं आणि मुद्दे माझ्याकडून तपासून घेतले. पहिल्या मसुद्यातल्या दोन शिव्या मी खोडल्या. देशभरातले डीलर तेच मागत होते.

मग गेल्या वर्षी कायदा बदलला. राहण्यासाठी बनवलेला, ओढत न्यायचा ट्रेलरही आता त्या सवलतीत आला. मी सकाळीच वाचलं होतं. दुपारी मालकांचा फोन, आवाज नेहमीपेक्षा मोठा.

"ऐकलंत ना? जिंकलो!"

"अभिनंदन. पण यंदाच्या वर्षापासून. मागच्या वर्षांना ते लागू नाही."

पलीकडून तेच खो खो हसू. "आज तरी एक वाक्य 'पण' शिवाय बोलायचं होतंत!"

या वसंतात नव्या नियमाचं पहिलं रिटर्न तयार झालं, तेव्हा मी ते घेऊन स्वतः गेले. एव्हाना त्यांच्या सांगण्यावरून आणखी दोन डीलर माझ्याकडे आले होते. मालकांनी पेन उचललं आणि शेवटचं पान उघडून थेट सहीच करायला निघाले.

मी कागदांवर हात ठेवला. "आधी वाचा."

"तुम्ही केलंय ना? मग काय वाचायचं?"

"मी केलंय म्हणूनच वाचा. मागच्या वर्षांचं सरकलेलं व्याज कुठे बसवलंय ते तुम्हाला माहीत पाहिजे."

त्यांनी बायकोकडे बघितलं. तिनं चष्मा त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो लावला, खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.