मला बांध कळायचा, तिला भात

साल दोन हजार अठरा, आणि मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. पेणच्या दवाखान्यातनं पुतण्याचा फोन आला, "काका, आई गेली." मी म्हटलं, बरं. एवढंच. माझी भागूवहिनी, थोरल्या भावाची बायको, गेली होती. दहाव्याला खाडीवर गाव जमलं. जो तो म्हणत होता, बाईच्या हाताला चव होती. मग कुणीतरी माझ्याकडं वळून म्हणालं, "आणि दिरानं गाव राखलं. मुकादमानं फुटल्या बांधाची खांड बुजवली नसती तर इथं भात दिसलं नसतं." माना हलल्या. मी ऐकून घेतलं. पन्नास वर्षं ऐकूनच घेत आलो होतो. त्या दिवशी मात्र ते बोलणं अंगावरनं उतरेना.

वहिनी खांब गावची, गोड्या पाण्याच्या शेतीतली. लग्न होऊन आमच्या खाडीकाठाला आली तेव्हा भरती बघून म्हणाली होती, "तुमची नदी उलटी पण चालते व्हय?" घरात आम्ही अकरा माणसं आणि अकराही भांडखोर. तिनं कधी आवाज चढवला नाही. दोघं भांडले की दोघांना एकाच सुपातले तांदूळ निवडायला बसवायची. खडे संपेपर्यंत राग कुठं जायचा कळायचं नाही. माझी शाळा तिसरीपर्यंत, पण एवढं मी उचललं. बांधाच्या कामावर भांडणाऱ्या गड्यांना मी एकाच पाटीला लावायचो आणि लोक म्हणायचे, मुकादमाला माणसं कळतात. कुणाकडनं शिकलो ते मी सांगितलं नाही.

मग ते आश्विनातलं उधाण. भात पोटरीला आलेलं. भर दुपारी बाहेरचा बांध फुटला, बैलगाडी जाईल एवढी खांड पडली आणि खाडी शेतात शिरली. भरती पुरती चढली की घटकाभर पाणी निपचित पडतं, तेवढ्यात टाकलेला चिखल जागेवर राहतो. मी ओरडलो, "टाका! आत्ताच बुजवा!" वहिनीनं डोईवरची पाटी उतरवली आणि बांधावर बसली. तिच्या मागच्या सगळ्या बाया बसल्या, मग गडीही.

"उठा! मुकादम मी हाय इथला!"

"हाव ना, भावजी. पण आता तोंड बांधलंत तर खारं पाणी आत कोंडेल. पाणी सोडायच्या उघाडीचं दार एवढंसं, आठ दिवस नाय निघायचं ते. तवर भात राहील का? आत आलेलं ओहोटीला बाहेर काढू दे, मग बुजवा."

"आणि ओहोटीनं खांड रुंदावली तर?"

"रुंदावेल. मग जास्त माती टाकू."

मागनं म्हातारा पांडू म्हणाला, "मुकादम, भात नको असंल तर सांगा, मिठागर करू!" सगळे हसले. माझं डोकं फिरलं. मी एकटाच चिखल टाकत राहिलो. एक माणूस उठला नाही. आणि मग पाणी फिरलं... माझा चिखल माझ्यादेखत खाडीत निघून गेला.

मीही बसलो. ती दुपार मला अजून दिसते. आभाळ शेतात उतरलेलं, त्यातनं भाताची पाती वर आलेली, आणि सगळं हळूहळू खाडीकडं सरकतंय, जसं काही शेतच कुठं निघालंय. बगळे येऊन उभे राहिले. मला वाटलं, आपण झोपेत आहोत, जागे झालो की खांड नसेल. खांड तर रुंदावत होती. मी दर थोड्या वेळानं वहिनीकडं बघायचो. ती बसलेलीच. तिच्या पायाचा अंगठा मात्र सारखा चिखल उकरत होता. तिलाही भीती होती, हे मला तेव्हा कळलं.

ऊन कलल्यावर शेताचा चिखल उघडा पडला. वहिनी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "भावजी, आता हाक द्या."

मी फुरंगटून म्हटलं, "तूच दे. तुझंच ऐकतात."

"आज ऐकतील. उद्या त्यांना तुमच्याच हाकेवर यायचं हाय."

मी हाक दिली. सगळं गाव उठलं, आणि दिवेलागणीला खांड बुजली. पुढची भरती बांधाला लागून परत गेली. भात वाचलं. नाव माझं झालं. मला बांध कळायचा, तिला भात कळायचं, आणि माणसंही. गावानं मला शाल दिली तेव्हा बायांमध्ये बसून सगळ्यात जोरात टाळ्या तिनं वाजवल्या. मी खाली बघत होतो.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी काठी घेऊन बांधावर गेलो. कंपनीतली शिफ्ट करून आलेली मंडळी माती टाकत होती. आता बांध तेच बघतात. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची मागवली. मी म्हटलं, खुर्ची राहू दे. ती खांड मी नाही बुजवली. मी ती चुकीच्या वेळी बुजवायला निघालो होतो. मला भागूवहिनीनं थांबवलं.

गावात नव्यानंच राहायला आलेल्या एका पोरानं विचारलं, "भागूवहिनी कोण?"

मी काठी बाजूला ठेवली, बांधावर चिखलातच बसलो, आणि त्यांना म्हटलं, "बसा."