अकरा दिवसांची बँक

मान्साबाईंच्या वहीतली नोंद : शुक्रवार, १४ मार्च १९९७, केप कोस्ट, घाना. आज निवृत्त झाले. नोकरीच्या दाखल्यासाठी दोनदा बँकेत जावं लागलं.

मान्साबाईंनी एकतीस वर्षं एकाच काउंटरवर काढली. तेवढ्या काळात बँकेला चार मालक झाले. चौथ्याचा मॅनेजर डॅडसन म्हणाला, “मावशी, आमच्या बँकेलाच अकरा दिवस झालेत. दाखला अकरा दिवसांचाच देता येईल.”

“मालक बदलले बाबा, मी कुठे बदलले?”

“पुरावा आणा.”

प्रत्येक नवा मालक आपलं चिन्ह छापलेलं कापड वाटायचा आणि सगळे त्याचेच कपडे शिवायचे. मान्साबाई घरी गेल्या आणि चारही झगे एकावर एक चढवून परतल्या. डॅडसनच्या टेबलापाशी उभ्या राहून त्यांनी वरचा, नव्या बँकेचा झगा उतरवला. मग त्याआधीचा. मग त्याच्याही आधीचा. शेवटी सहासष्ट सालच्या हिरव्या झग्याच्या बटणाला त्यांनी हात घातला.

रांगेतली मासळीवाली ओरडली, “साहेब, सही करा लवकर! आत आता बँक नाही, नुसती मावशी उरलीय!”

डॅडसनने डोळे घट्ट मिटून ‘एकतीस वर्षे’ लिहिलं आणि शिक्का मारला.

संध्याकाळी मान्साबाईंनी वहीतल्या त्या नोंदीत पुढे एवढंच लिहिलं : रॉकेल संपलं. मासे शेजारणीच्या चुलीवर तळून आणले.