पाच मीटरमधून पावणेतीन

सलग तिसऱ्या दिवशी सातवीला दशांश अपूर्णांकांची वजाबाकी शिकवून आत्ताच घरी आले. घसा बसलाय.

५ मधून २.७५ वजा करायचे होते. ५ म्हणजेच ५.०० हे कितीदा सांगितलं, तरी अर्ध्या वर्गाचं उत्तर ३.७५. फळ्यावर तेच उत्तर लिहिलेल्या समीक्षाला कारण विचारलं.

"मॅडम, ७५ च्या वर काहीच नाही ना. मग ते तसंच खाली उतरवलं."

तिची आई बुवापाड्यात घरीच शिवणकाम करते. म्हणून विचारलं, "पाच मीटर कापडातून आईने पावणेतीन मीटर कापलं, तर किती उरेल?"

"सव्वादोन." जराही न थांबता.

"आणि फळ्यावर किती आलंय?"

"पावणेचार."

मागून श्रेयस म्हणाला, "दीड मीटर फुकट. माझा शर्ट शिव."

सगळे हसले, तीही हसली. मी विचारलं, "मग खरं कुठलं?"

"मॅडम, ते कापडाचं आहे. हे गणित आहे."

उद्या चाचणी आहे. ती पावणेचारच लिहील आणि मला चूक द्यावी लागेल.

आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. आईला येतं ते गणित नव्हे, असं मलाही कितीतरी वर्षं वाटायचं. शिक्षक मैत्रिणींनो, हे दोन्ही एकच आहे, हे तुम्ही तिला कसं पटवाल?