देवरावभाऊंचं ‘साहेब’

गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावतो. देवरावभाऊंना जाऊन वर्ष होत आलं, तरी सक्करदऱ्यातल्या त्यांच्या बंद दुकानासमोरून जाताना माझं डोकं तापतं.

भाऊ कूलर-पंपांच्या मोटरींत तांब्याची नवी तार भरून द्यायचे. कुणी जळालेली मोटर आणली की आधी ती नाकाशी धरायचे आणि वासावरून मालकाचा पंचनामा सुरू करायचे. “मोटर जळत नसते बे, मालक जाळते. बेअरिंग चार दिवसांपासून ओरडून राहिली, अन् तू कानात बोळे घालून बसला.” वकील असो की डॉक्टर, सगळ्यांना ‘तू’ आणि वर दोन शिव्या. पण मोटर भंगारात घालायच्या लायकीची निघाली, तर आवाज एकदम मऊ व्हायचा. “बसा साहेब, चहा घ्या.” भाऊ ‘साहेब’ म्हणाले की मोटर मेली, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

मला त्यांनी पंधरा वर्षं ‘तू’च म्हटलं. माझी मुलगी चिनू त्यांच्या दुकानात तांब्याच्या तारेच्या अंगठ्या करत बसायची.

मग मी जुनी इलेक्ट्रिक कार घेतली. चार माणसं बसली की उड्डाणपुलावर ती रडायची आणि मागचे हॉर्न वाजवायचे. मागच्या चाकांना दुसरी मोटर लावून द्या, असा हट्ट मी भाऊंकडे धरला. त्यांनी वाकून बॅटरी पाहिली आणि ते उखडलेच.

“दोन बैल जुंपशीन, अन् कडबा एकाचाच टाकशीन? पयले बॅटरी बदल. नाही त तारा तापतीन, अन् तुयी पोरगी मांगंच बसते.”

मला बॅटरी नको होती, जोर हवा होता, तोही लगेच. तुम्हाला कूलरच्या पुढचं काही कळत नाही, असं मी चार गिऱ्हाइकांसमोर बोलून गेलो.

एका चकचकीत गॅरेजवाल्याने आठ दिवसांत मोटर बसवली. दोन मोटरींच्या ओढीने जुनी बॅटरी सारखी बंद पडायची, म्हणून त्या दीडशहाण्याने तिला बंद पाडणारं संरक्षणाचं सर्किटच काढून टाकलं. मला विचारून काढलं. मी हो म्हणालो. गाडी पुलावर सुसाट चढली. तिसऱ्या दिवशी कामठीहून परतताना मागच्या सीटखालून धूर आला. चिनूला ओढून बाहेर काढेपर्यंत तिची पोटरी भाजली होती.

गाडी टोचन करून मी भाऊंकडे नेली. शिव्या खायलाच गेलो होतो. त्यांनी मागचं दार उघडून वास घेतला, जळक्या सीटकडे पाहत राहिले, चिनूची चौकशी केली. मग स्टूल पुढे सरकवलं.

“बसा साहेब, चहा घ्या.”

चिनू लंगडत पुन्हा त्यांच्याकडे जायला लागली. तिला पूर्वीसारखंच ‘काहून वं, अंगठी पायजे?’ आणि मला साहेब. मी दोनदा माफी मागितली. दोन्ही वेळा “जाऊ द्या साहेब.” म्हाताऱ्याची गचांडी धरावीशी वाटली.

शेवटी उन्हाळ्यात, निदान एक शिवी मिळेल म्हणून, मी घरच्या धडधाकट कूलरच्या पात्यात काठी अडकवून मोटर जाळली आणि त्यांच्यापुढे नेऊन आदळली. भाऊंनी ती नाकाशी धरली आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं. दोन दिवसांनी त्यांनी ती भरून माझ्या हातात दिली.

“आमच्यावरचा राग मोटरवर काहून काढता, साहेब?”

त्याच पावसाळ्यात भाऊ गेले. ती मेली मोटर अजून चालते.