छबूबाईंच्या हाडाचं खत

चिखलीच्या गावठाणात छबूबाईंच्या उखाण्याशिवाय हळदीकुंकू पुरं व्हायचं नाही. लांबलचक, चावट, आणि शेवटी नवऱ्याचं नाव टिचकी मारल्यासारखं. मग वरचे पुढचे दोन दात पडले. संक्रांतीला त्यांनी उखाणा घेतला आणि यशवंतरावांचं नाव निघालं ‘यफवंतराव’. बायका वाण बाजूला ठेवून हसल्या. सगळ्यांत मोठ्याने हसली त्यांची सून, विजयश्री.

मग बसवलेली कवळी बोलताना सटकायची. नातवाचं, प्रज्वलचं लग्न जमलं, साखरपुडा दिवाळीनंतर ठरला, तशा छबूबाई मुलाच्या मागे लागल्या. “रोहिदास, मला पक्कं दात बशीव. भर मांडवात उखाणा घेणार मी.”

“आये, आता तरी तोंडाला इसावा दे की,” रोहिदास म्हणाला. पण घेऊन गेला.

चिंचवडच्या डॉक्टर वर्षालीताईंनी जबड्यात दोन खिळे बसवले. नवे दात पुढे त्यांवरच चढायचे. पण खिळ्यांभोवतीचं हाड झिजलेलं. डॉक्टर म्हणाल्या, “इथे सुईने जेल भरते. तिच्या आधाराने तुमचंच हाड नव्याने वाढेल. पाचसहा महिने लागतील. तंबाखू खाता का?”

“न्हाई वो बाई! आमच्यात बाया तंबाखू खात न्हाईत.”

खोटं नव्हतं ते. छबूबाई मिश्री लावायच्या. तंबाखू तव्यावर काळीकुट्ट भाजायची, कुटायची, बोटाने दातांना चोळायची. इथल्या जुन्या बायकांच्या लेखी ते दंतमंजन. खाणं वेगळं, लावणं वेगळं.

शेजारच्या खुर्चीत सोबत आलेली विजयश्री होती. बी.एस्सी. झालेली. सासूची मिश्री तीच भाजते. ठसका शेजारी आमच्या घरापर्यंत येतो. ती गप्प बसली.

“डाक्टरीणबाईनं हाडाला खत घातलंय, आता रुजंल,” असं छबूबाई ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. मिश्रीने दात घट्ट होतात ही पक्की समजूत, म्हणून हाड लवकर धरावं यासाठी त्या जास्तच चोळू लागल्या. सुनेने डबी कधी रिकामी होऊ दिली नाही.

साखरपुडा तोंडावर आला आणि एक खिळा भाकरीच्या घासाबरोबर हातात आला. दुसरा डॉक्टरांनी चिमट्याने अलगद उचलला.

“मावशी, हे काळं काय लावता?”

“मिश्री.”

“अहो, ती तंबाखूच!”

“मी खात न्हाई वो. लावती.”

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. “म्हणून हाड धरलं नाही. जेल वाया गेली. जखम भरली की पुन्हा पहिल्यापासून.”

“पुन्हा काय न्हाई,” रोहिदास उठला. “झाली हौस.”

गच्चीत कपडे वाळत घालताना मी विजयश्रीला विचारलं, “तुला माहीत होतं ना गं?”

“डॉक्टरांनी मला कुठं विचारलं, काकू?” तिने चादर झटकली. मग म्हणाली, “माझ्या लग्नात माझ्या आईच्या काळ्या रंगावर उखाणा रचला होता त्यांनी. अख्खा मांडव हसला. आई जाईपर्यंत पुन्हा आमच्या दारात आली नाही.”

साखरपुड्याला हिरडी सुजलेली, कवळीही बसेना. छबूबाई तोंडावर पदर धरून मागच्या रांगेत बसल्या. नवरीमुलीची आजी सावित्रीबाई हौसेने जवळ आल्या. “विहीणबाई, तुमीबी घ्या की एखादा उखाणा!”

विजयश्री लगबगीने मध्ये आली. हसून म्हणाली, “नाही हो, आमच्या सासूबाईंना उखाणे येत नाहीत.”

छबूबाईंनी सुनेकडे पाहिलं. सावित्रीबाई अजून वाट बघत होत्या. तेव्हा छबूबाईंनी पदर तसाच धरून मान हलवली, येत न्हाईत.