तीन बोटं कापड

बेचाळिसाव्या वर्षी माझे पाय माझं ऐकेनासे झाले. दिवसा ऐकायचे, संध्याकाळी कुरकुरत का होईना ऐकायचे, पण सकाळी अंथरुणातून उठायचं म्हटलं की गुडघ्याखाली दुसऱ्याच कुणाचे पाय आहेत असं वाटायचं. घोटे वळत नसत, पोटऱ्यांत कळ भरलेली असे, आणि टाच जमिनीला टेकली की माझ्या तोंडून जे निघे ते शेजारच्या दोन घरांत ऐकू जाई. शेजारीण बायकोला विचारायची, आज उठले का?

सोलापुरात तेव्हा घरात घड्याळ नसलं तरी अडत नसे. गिरणीचा भोंगा होता. पहिला भोंगा उठवायला, दुसरा घराबाहेर काढायला, आणि तिसऱ्याला फाटक बंद. मी साचेखात्यात होतो, दोन साचे, म्हणजे गिरणीचे माग, माझ्याकडे. आमच्या खात्याच्या मुकादमाचा, जॉबरचा, नियम साधा होता. महिन्यात तीनदा फाटकाबाहेर राहिलास की तुझे साचे बदलीवाल्याला. बदलीवाले रोज फाटकाशी उभेच असत, आणि त्यांतला एक तर माझी चौकशी माझ्या बायकोपेक्षा आपुलकीने करायचा. पाय कसे आहेत, जपा, घाई करू नका. साचे गेले असते तर बेचाळिसाव्या वर्षी मला त्याच रांगेत, त्याच्या मागे उभं राहावं लागलं असतं. त्या विचाराने पाय आणखी आखडायचे.

आम्ही विणकर. शहराच्या पूर्वभागातल्या बहुतेक घरांसारखा आमच्याही पुढच्या खोलीत खड्ड्याचा माग होता. विणणारा जमिनीवर खड्ड्याच्या कडेला बसतो, पाय खाली सोडतो, आणि पायाखालच्या दोन लाकडी पट्ट्या आळीपाळीने दाबत हाताने धोटा फेकतो. त्या मागावर माझे वडील बसायचे. सत्तरीला आलेले, अंगाने वाळलेले, उंचीने माझ्या खांद्याला. पहाटे पहिल्या भोंग्याआधी ताडकन उठायचे, विहिरीवर अंघोळ, मग मार्कंडेयाच्या देवळात, आणि दुसऱ्या भोंग्यानंतर परत येऊन मागावर. त्यांचं काही दुखत नसे. दुखत असेल तर सांगत नसत. मी भिंतीला धरून एकेक पाऊल टाकत असताना हा म्हातारा माझ्या शेजारून तांब्या घेऊन निघून जायचा, आणि माझं डोकं फिरायचं.

वीस वर्षांपूर्वी मी तो माग सोडून गिरणीत गेलो, तेव्हा आमचं जोरात वाजलं होतं. आमच्या घरातलं बोलणं तेलुगूत. इथे मी ते मराठीत लिहितो आहे, म्हणून वडील जरा सभ्य वाटतील. त्यांचं म्हणणं, उभं राहून विणतो तो विणकर नव्हे, राखणदार. मी म्हणालो, खड्ड्यात पाय सोडून जन्म काढणार नाही. त्यानंतर आम्ही बोलायचो, नाही असं नाही. पाणी आलं का, पाहुणे कधी येणार, एवढं. माझ्या पायांबद्दल त्यांनी कधी अवाक्षर काढलं नाही. सगळ्या गावात तेवढा एकच माणूस गप्प होता.

बाकी गावाला मात्र माझे पाय म्हणजे सार्वजनिक मालमत्ता. औषध सांगायला कुणाला काही शिकावं लागत नाही, हे मला त्या वर्षी कळलं. एकाने करंजाचं तेल सांगितलं, दुसऱ्याने करंजाने पाय आणखी सुकतात म्हणून तिळाचं. मामेबहिणीने मेथीचे लाडू पाठवले. ते इतके कडू की पाय राहिले, तोंड आखडलं. सासूबाईंनी तव्यावर मीठ भाजून पुरचुंडीने शेकायला सांगितलं आणि पोटरीला भाजून फोड आला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक टांगेवाला राहायचा, चांगला माणूस, घोड्याच्या पायांतलं त्याला सगळं कळायचं. तो म्हणाला, "खडे रह-रह कू खून नीचे उतरता, भाई. सोते वक्त पाँव दीवार पे रखो." मी भिंतीवर पाय ठेवून झोपलो. सकाळी पाय होते तसेच, वर मानही धरली. त्याला सांगितलं तर म्हणाला, घोड्याला लागू पडतं.

पहिल्यांदा फाटक चुकलं ते निर्गुडीमुळे. बायकोने कुठूनसा पाला आणला होता. तो उकळायचा, त्या पाण्यात पाय बुडवून बसायचं. चूल ओली, पाणी काही तापेना, आणि ती म्हणे अर्ध्यावर उठलात तर गुण यायचा नाही. गुण येईपर्यंत तिसरा भोंगा झाला. फाटकाबाहेर उभा राहिलो तेव्हा पायाला निर्गुडीचा वास येत होता आणि तो बदलीवाला माझ्या साच्यांवर गेला होता.

दुसऱ्यांदा घोंगड्यामुळे. दिवस संक्रांतीतल्या गड्ड्याच्या यात्रेचे, थंडी कडाक्याची. तिथे करकंबकडचा एक धनगर घोंगड्या विकायला बसला होता. माझं चालणं बघून त्याने मला हाक मारून बसवलं आणि घोंगडीच्या काठाचे दोन पट्टे काढले. "मालक, ह्ये गुडघ्यापासनं घोट्यापत्तुर गच्च बांदून निजायचं. लई ऊब धरतंय. न्हाय गुण आला तर म्होरल्या गड्ड्याला हितंच यून मला शिव्या द्या की." इतकं ठामपणे बोलणाऱ्या माणसाला नाही म्हणायची माझी छाती नव्हती. बायकोने पट्टे बांधले. ती मूळची सूत गुंडाळणारी, तिची गाठ सुटायची नाही. सकाळी पहिला भोंगा झाला तेव्हा पाय दुखत नव्हते, कारण पायच नव्हते. बधिर. गाठी सोडायला कात्री शोधली, कात्री मागाच्या फळीवर निघाली, आणि पायांत मुंग्या येऊन त्या जाईपर्यंत तिसरा भोंगा. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तशातली गत. जॉबर म्हणाला, अजून एकदा. बस, एवढंच म्हणाला.

मग बायकोने विश्रांतीचं व्रत धरलं. सुट्टीच्या दिवशी मला खाटेवरून उतरू देईना. जेवणही तिथेच. तिचा हेतू चांगला होता, म्हणून ओरडताही येईना. दिवसभर पाय पसरून पडलो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पहिला भोंगा झाला तेव्हा मी उठूच शकलो नाही. एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर झालो तर डोळ्यांत पाणी आलं. बायको पाण्याला गेलेली. वडील देवळात. मी खाटेवरून घसरत खाली आलो आणि हातांवर जोर देत पुढच्या खोलीत गेलो, उंबऱ्याशी बसून चपला तरी घालू म्हणून. पण जमिनीवर मांडी घालायला गुडघा वळेना, आणि घरात खुर्ची नव्हती. खुर्ची असायला आम्ही मामलेदार नव्हतो. खाटेवर परत चढणं जमणार नव्हतं, आणि पाय खाली सोडून बसता येईल अशी त्या खोलीत एकच जागा होती. मी ती वीस वर्षं टाळली होती.

बसलो. दुसरा इलाज नव्हता. खड्ड्यात पाय सोडले आणि तळवे पट्ट्यांना लागले. पट्ट्या वडिलांच्या मापाच्या, दोऱ्यांनी वर ओढलेल्या. माझे गुडघे छातीशी आले. मी बसून शिव्या देत होतो, कुणाला ते आठवत नाही, आणि पाय आपले हळूहळू दाबायला लागले. डावा, उजवा. डावा, उजवा. आमच्यात रिकामा माग चालवत नाहीत. पाय हलवला तर धोटा फेकलाच पाहिजे, नाहीतर घरातलं काम जातं असं मानतात. मला ते पटत नसे, पण दोन वेळा फाटक चुकलेल्या माणसाने कशाला परीक्षा बघावी? मी धोटा घेतला. मागावर वडिलांची साडी लागलेली होती. तिच्यावर मी विणायला लागलो. पहिल्या काही फेऱ्यांना घोटा करकरला, मग पोटरी सैल झाली, मग मांडीपर्यंत ऊब चढली. दुसरा भोंगा झाला तेव्हा तीन बोटं कापड विणून झालं होतं आणि मी उभा राहिलो होतो. फाटकाशी पोचलो तेव्हा तो बदलीवाला माझ्याकडे बघून हसला नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. तेल, मीठ, मेथी, निर्गुडी, घोंगडी, सगळ्यांनी हात टेकले, आणि गुण आला तो ज्याला लाथ मारून मी गेलो त्या खड्ड्याचा. हे वडिलांना कळलं असतं तर मला गल्लीत तोंड दाखवता आलं नसतं. म्हणून मी चोरून बसायला लागलो. ते तांब्या घेऊन बाहेर पडले की मी मागावर, दुसरा भोंगा झाला की उठून चपला पायात. बायकोला तंबी दिली, एक शब्द बोलायचा नाही. ती म्हणाली, मी कशाला बोलू? तिचा तो सूर मला तेव्हाच खटकायला हवा होता.

वडिलांना विणलेलं कापड कळणार नाही, असं मी कसं धरून चाललो, ते आज मला समजत नाही. धागा घट्ट बसवायचा प्रत्येक हाताचा ठोका वेगळा असतो. दोन हातांची साडी उजेडात धरली की पट्टा दिसतो. मी स्वतः विणकराच्या पोटचा, मला हे ठाऊक होतं, आणि तरी रोज पहाटे त्यांच्या साडीत तीन बोटं घुसडत होतो. ते काही बोलत नव्हते, तर मी समजलो म्हाताऱ्याची नजर गेली. नजर गेली म्हणून मला थोडं वाईटही वाटलं. इतका मी शहाणा.

पंधरा-वीस दिवसांनी एका सकाळी मी बसलो आणि गुडघे छातीशी आले नाहीत. पाय सरळ खाली गेले, टाच टेकली, पट्टी अगदी तळव्याखाली. मला वाटलं सवय झाली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी चिमणी खाली धरून पाहिलं. पट्ट्यांच्या दोऱ्या सोडून चांगल्या वीतभर लांब बांधल्या होत्या. त्या मापाला वडिलांचे पाय पोचलेच नसते.

बायको घागर घेऊन दारात आली होती. मी तिला विचारलं. तिने घागर खाली ठेवली.

"पहिल्या दिवसापासून त्यांना ठाऊक आहे. तुम्ही गेलात की ते आधी तुमची तीन बोटं उसवतात. धागा न् धागा काढतात, मग स्वतः विणायला बसतात. दोऱ्यांचं आता सुरू केलंय. संध्याकाळी काम संपलं की लांब करतात, सकाळी आल्यावर पुन्हा आखूड."

त्या दोऱ्या बांधायच्या तर खड्ड्यात उतरावं लागतं, आणि उकिडवं बसून मान खाली घालावी लागते. सत्तरीचा माणूस दिवसातून दोनदा. आणि माझी समजूत ही, की त्यांचं काही दुखत नाही.

त्या दिवशी मी दुसऱ्या भोंग्याला उठलो नाही. ते देवळातून येईपर्यंत मागावर बसून राहिलो. ते आले, कपाळाला भस्म, हातात तांब्या. मला बघून त्यांना काहीच वाटलं नाही. मी मात्र बोललो ते भांडणासारखंच बोललो. "नायना, यानेच पाय सुटतात हे ठाऊक होतं तर सांगायचं होतं. दोन महिने मी काय काय केलं. सांगायला काय झालं होतं?"

त्यांनी वाकून कापडावरून अंगठा फिरवला, जिथे माझी तीन बोटं होती तिथे.

"सांगितलं असतं तर बसला असतास?"

मी पट्टीवरून पाय उचलला.

"तुझा ठोका गिरणीचा झालाय," ते म्हणाले. "साडीत चालायचा नाही. मी उसवीन. तू पाय चालव." मग तांब्या कोनाड्यात ठेवत म्हणाले, "ऊठ आता, फाटक लागेल."

मी उठलो. दाराबाहेर रस्त्याला लागल्यावर लक्षात आलं की उठताना मी कशालाही धरलं नव्हतं. तिसरा भोंगा वाजत असताना मी फाटकातून आत शिरलो. जॉबरने फक्त घड्याळाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून मी जरा लवकर उठायला लागलो. माझं विणून झालं की तीन बोटं मीच उसवायचो, मग खड्ड्यात उतरून दोऱ्या त्यांच्या मापाला आखूड करून ठेवायचो. गुडघे आता तेवढं वळत होते. संध्याकाळी ते काम आटपून उठले की पुन्हा लांब करायचो, म्हणजे त्यांना खाली उतरायला नको. पण ते देवळातून यायचे, चिमणी खाली धरून बघायचे, आणि रोज एकच म्हणायचे, गाठ चुकीची मारली आहे. मग खड्ड्यात उतरायचे, माझी गाठ सोडायचे आणि तीच गाठ, अगदी तीच, पुन्हा स्वतःच्या हाताने बांधायचे. मी दारात चपला घालत ते बघायचो आणि दातओठ खात गिरणीला जायचो. ते गेले त्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत हे चाललं.